थायरॉईड सगळ्यांनाच असतो

"थायरॉईडची पन्नासची द्या."

पुणे-सातारा रस्त्याला लागून असलेल्या किकवीत माझं औषधांचं दुकान आहे. हे वाक्य मी रोज ऐकतो. बोलणारा बहुतेक वेळा नवरा असतो. कोणासाठी विचारलं की आवाज खाली आणून सांगतो, "बायकोला थायरॉईड झालाय." अहो, झालाय काय? थायरॉईड सगळ्यांनाच असतो. तुमच्याही कंठमण्याखाली, श्वासनलिकेला चिकटून, फुलपाखराच्या आकाराची वीसेक ग्रॅमची ग्रंथी आहे. ती नसती तर तुम्ही दुकानाची पायरीही चढला नसता. अंगाची ऊब, काळजाचे ठोके, आतड्याची चाल, पाळी, केस, बुद्धीची धार, सगळ्यांचा वेग ती ठरवते. ती मंदावली की आजार. पण आमच्या भागात या आजाराला दुसरंच नाव आहे. आळस.

शिरवळच्या कंपनीत पाळीवर जाणारी, सुट्टीच्या दिवशी भातलावणीला वाकणारी बाई एक दिवस उठेना झाली की घर डॉक्टरच्या आधी निदान करून मोकळं होतं. चैत्रात स्वेटर घालून बसली तर ढोंग. वजन वाढलं तर बसून खाते. विसरली तर घरात लक्ष नाही. बोलणं सावकाश झालं तर उर्मट. हिला माहेरची सवय, असं सासू म्हणते आणि नवरा मोबाइलमध्ये बघत मान डोलावतो. दोन-तीनशे रुपयांची टीएसएचची रक्ततपासणी (ग्रंथी मंदावली की हा आकडा चढतो) करायला मात्र या घराला चार वर्षं लागतात.

मी लोकांना नावं ठेवतोय, पण माझं घर सांगतो. बायकोचा आवाज घोगरा झाला, मी खोकल्याचं औषध दिलं. टाचांना भेगा पडल्या, मलम दिलं. केस गळले, तेल दिलं. पाळीला अंगावरून जास्त जायला लागलं, लोहाच्या गोळ्या दिल्या. पोट साफ होईना, चूर्ण दिलं. थकवा जाईना, टॉनिक. एका ग्रंथीच्या आजारावर मी सहा वस्तू खपवल्या, त्याही घरातल्या घरात. शेवटी मेहुणीने तिला पुण्याला नेलं. टीएसएच चार-साडेचारच्या आत हवं, तिचं साठच्या पुढे निघालं. औषधनिर्माणशास्त्राची पदविका माझ्या दुकानात काचेच्या फ्रेममध्ये लावलेली आहे. तिच्याकडे त्यानंतर काही दिवस मी बघत नव्हतो.

मुंबई आणि गोव्यासह आठ शहरांतल्या 5,376 प्रौढांची तपासणी झाली होती. तिचे निष्कर्ष 2013 मध्ये प्रसिद्ध झाले. जवळपास 11 टक्के लोकांची ग्रंथी मंद निघाली, त्यात बायका जास्त. आठही शहरंच होती. किकवीसारखं गाव त्या यादीत असायचं कारण नव्हतं. त्यामुळे आमच्याकडे मंद ग्रंथींचा आकडा नाही, आळशी सुनांचा आहे.

बरं, निदान झालं. मग सुरू होतो खरा तमाशा. गोळी दिवसाला दीड-दोन रुपयांची. पहाटे उपाशीपोटी पाण्यासोबत घ्यायची आणि पुढे अर्धा-पाऊण तास चहा नाही. आमच्याकडे चहाशिवाय डोळे उघडत नाहीत, म्हणून गोळी चहासोबतच जाते आणि तिच्यातलं बरंचसं अंगी लागत नाही. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तास लांब ठेवा म्हणून मी सांगतो. "एकदमच घेते, विसरायला होतं," असं उत्तर मिळतं. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या नेणाऱ्या बायका तर त्या खातखातच रक्त द्यायला जातात. जास्त मात्रेतलं बायोटिन काही तपासण्यांना फसवतं आणि अहवाल भलताच येतो. या गोळ्या विकतो कोण? मीच.

सगळ्यात घातक वाक्य असं: "गोळी बंद केली, काही झालं नाही." होणार कसं? या औषधाचा निम्मा भाग रक्तातून जायला सात दिवस लागतात. आठ दिवस गोळी सोडली तरी जुनी शिल्लक पुरते. साठवणीतलं धान्य खाताना पेरणी नको वाटावी, तसलं हे शहाणपण. दीड महिन्याने पाय जड होतात, तोवर गोळी बंद केल्याचं कोणाच्या लक्षातही नसतं. मग पुन्हा आळस.

आणि दिवस राहिले की घरातलं कोणीतरी हटकून म्हणतं, गोळी गरम पडेल. अरे, उलट याच वेळी मात्रा वाढवावी लागते, बहुतेकींना पाव ते तिसरा हिस्सा. पहिले तीन-चार महिने बाळाची स्वतःची ग्रंथी कामाला लागलेली नसते. आईच्या रक्तातून जे येतं त्यावर त्याचा मेंदू घडतो. जन्मजात मंद ग्रंथी भारतात सुमारे 1,130 बाळांमागे एकाला असते, असं भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीत दिसलं. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर मूल इतरांसारखं वाढतं, राहिली तर बुद्धी कायमची अधू. ते कळायला बाळाच्या टाचेतून रक्ताचे चार थेंब लागतात. गोव्याने ही तपासणी 2008 मध्ये सुरू केली होती. तुमच्या नातवाची टाच टोचली होती का, घरी जाऊन विचारा. बारशाचा मांडव केवढा होता ते मला माहीत आहे.

उलट प्रकारही असतो. ग्रंथी उधळते, छाती धडधडते, हात थरथरतात, खाऊनही माणूस वाळतो, डोळे बाहेर येतात. त्या बाईला आळशी म्हणता येत नाही, म्हणून तिला बाहेरचं झालंय असं म्हणतात.

ग्रंथीला आयोडीन लागतं, म्हणून मिठाचं सांगायलाच हवं. 1956 पासून कांगड्याच्या खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामींनी आयोडीनयुक्त मीठ देऊन गलगंड कमी होतो हे दाखवलं. 1962 मध्ये देशाचा कार्यक्रम सुरू झाला. 2006 पासून खाण्यासाठी बिनआयोडीनचं मीठ विकायला देशभर बंदी आली. एवढं होऊन आमचे लोक आता दुप्पट-चौपट पैसे मोजून गुलाबी सैंधव आणतात, आणि तेही थायरॉईडसाठी! आज बहुतेकींची ग्रंथी मिठाने नाही, स्वतःच्याच प्रतिकारशक्तीच्या हल्ल्याने मंदावते. हाशिमोटो नावाच्या जपानी डॉक्टरने ते दुखणं 1912 सालीच लिहून ठेवलं. त्यावर सैंधव काय करणार? कोबी सोडून तरी काय होणार? पण कोबी सोडायला पैसे पडत नाहीत, म्हणून ती पहिली सुटते.

परवा एकजण आला. शंभर-सव्वाशे गोळ्यांची बाटली फोडून दहाच द्या म्हणाला, बघू फरक पडतो का. मी म्हटलं, फोडत नाही, दमट हवेत गोळी खराब होते, आणि दहा दिवसांत फरक कळत नाही.

"मग किती दिवस घ्यायची?"

"बहुतेक जन्मभर."

"म्हणजे सवय लागते," असं ठामपणे म्हणून तो पायरी उतरला आणि समोरच्या टपरीवर जाऊन त्याने तंबाखू मागितली.