पात्रे सबळ, कथानक दुबळे?

सारा जे. मास या अमेरिकन लेखिकेच्या 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस' या मालिकेची २०१५ ते २०२१ या काळात पाच पुस्तके प्रसिद्ध झाली. प्रणयकथा आणि अद्भुतिका यांचा संकर असलेल्या या मालिकेचे चाहते आणि टीकाकार एका वाक्यावर मात्र सहज एकमत करतात: व्यक्तिरेखा सबळ, कथानक दुबळे. चाहते पूर्वार्धावर जोर देतात, टीकाकार उत्तरार्धावर, भेद एवढाच. हेच वाक्य कादंबरीवरील उत्तरपत्रिकांत आणि परीक्षणांतही इतक्या वेळा भेटते की त्याचा अर्थ तपासून पाहण्याची गरजच कोणाला वाटेनाशी झाली आहे. माझा आक्षेप या वाक्यालाच आहे. कथानक जिथे खरोखर कोसळते तिथे व्यक्तिरेखाही कोसळते; फक्त तिच्यावरील लोभापायी आपण तिकडे पाहत नाही.

ॲरिस्टॉटलने कथानकाला शोकात्मिकेचा आत्मा मानले, भरताने इतिवृत्ताला नाट्याचे शरीर म्हटले. आत्मा की शरीर हा वाद बाजूला ठेवू; पण कथानक अंगरख्यासारखे काढून खुंटीला टांगता येते असे या दोघांपैकी कोणालाही वाटले नाही. आपल्याकडे 'मुक्तामाला' (१८६१) आणि 'मंजुघोषा' (१८६८) यांच्याविषयी बोलताना हाच काप उलट बाजूने मारला जातो: घटनांची रेलचेल, माणसे कचकड्याची. तिथेही प्रश्न घटनांच्या संख्येचा नसतो, त्या घटना कोणाच्याही बाबतीत घडू शकल्या असत्या याचा असतो.

मास यांना हे कळत नाही असे नव्हे. पहिल्या पुस्तकातील फेयरा ही बुडालेल्या व्यापाऱ्याची धाकटी मुलगी. वयाच्या चौदाव्या वर्षापासून शिकार करून ती घर पोसते, आणि तिला धड वाचता येत नाही. परीलोकातील एका अधिपतीला, टॅमलिनला, शापातून सोडवण्यासाठी अमरांथा ही दुष्ट सम्राज्ञी तिच्यापुढे तीन परीक्षा ठेवते. दुसऱ्या परीक्षेत भिंतीवरचा मजकूर वाचून तीनांपैकी योग्य खटका ओढायचा असतो, आणि वरून तापलेल्या खिळ्यांचे छत खाली येत असते. ज्या निरक्षरतेला आपण इतका वेळ दारिद्र्याचा एक तपशील समजत होतो, तीच आता जीवन-मरणाचा प्रश्न होते. तिसऱ्या परीक्षेत तिला निरपराधांचे प्राण घ्यावे लागतात. दुसरे पुस्तक (२०१६) या हत्यांच्या ओझ्याखालीच सुरू होते. रात्री ओकाऱ्या काढणारी, रंगांना शिवू न शकणारी ही चित्रकर्ती आणि भीतीपोटी तिला घरात कोंडणारा टॅमलिन यांच्यातली तेढ कोणा खलनायकाने घडवलेली नाही. आधीच्या घटनांनी ती घडवली आहे. या भागाला कोणी कथानक म्हणत नाही, सगळे 'व्यक्तिचित्रण' म्हणतात. माझ्या मते मालिकेतले सर्वांत पक्के कथानक हेच आहे.

गडबड तिसऱ्या पुस्तकात (२०१७) होते. हायबर्नच्या राजाविरुद्धचे युद्ध हरण्याच्या बेतात असताना क्षितिजावर आरमार दिसते, आणि त्याच्या अग्रभागी असतो फेयराचा बाप. हा तोच बाप, जो धनकोंनी पाय मोडल्यापासून लाकडाची खेळणी कोरीत बसला होता आणि ज्याने धाकट्या मुलीला एकटीने बर्फाळ जंगलात जाऊ दिले. थोरली मुलगी नेस्टा हिचा सारा कडवटपणा या निष्क्रियतेतून आला आहे. बाप कधी तरी उठतो का हे पाहण्यासाठी उपाशी मरायचीही तिची तयारी होती, असे ती सांगते. या दोघांची गाठ हे एका स्वतंत्र कादंबरीचे द्रव्य आहे. आणि तो उठतो कुठे? पडद्याआड! समुद्र ओलांडून त्याने मित्र जोडले, गलबते जमवली, त्यांना तीन मुलींची नावे दिली, हे सारे आपल्याला नुसते कळवले जाते. थोड्याच वेळात राजा त्याची मान मोडतो. ज्या माणसात झालेला बदल हीच गोष्ट होती, तो बदल लेखिकेने युद्ध निकाली काढण्यासाठी खर्च केला. 'योगायोग फार आहेत' एवढे म्हणून भागत नाही. एक व्यक्तिरेखा इथे लिहायचीच राहून गेली आहे.

प्रणयकथेत असे चालायचेच, तिथे शेवट गोड होणार हे ठरलेलेच असते, असे यावर सांगितले जाते. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'चा (१८१३) शेवटही गोडच आहे. तिथेही एक आळशी बाप आहे. एलिझाबेथ बजावत असताना तो लिडियाला ब्रायटनला जाऊ देतो, आणि विकमबरोबर ती पळून जाते तेव्हा आपल्या आळसाची किंमत त्याला समोरासमोर कळते. विकमचे खरे रूप झाकून ठेवण्यात एलिझाबेथचाही वाटा असतो. गोड शेवट ऑस्टेनने पात्रांकडून वसूल केला, त्यांना बक्षीस दिला नाही.

नेस्टाच्या बाबतीत मास पुन्हा सावरतात, हे मान्य केलेच पाहिजे. पाचव्या पुस्तकात (२०२१) ती ऐन थंडीत खोलीत शेकोटी पेटवत नाही, कारण जळत्या लाकडाचा कडकड आवाज बापाची मान मोडल्याच्या आवाजासारखा आहे. मालिकेतले सर्वांत सशक्त पात्र म्हणून वाचक तिचे नाव घेतात ते उगीच नाही: घडलेल्या गोष्टीने तिला सोडलेले नाही.

परंतु याच पुस्तकात मालिकेचा नैतिक कणा मोडतो. फेयरा गरोदर आहे; मूल पंखांचे असल्यामुळे बाळंतपणात ती दगावणार हे तिचा नवरा रिसँड आणि सारे निकटवर्तीय जाणतात, ती सोडून. रूप पालटण्याची शक्ती तिच्यापाशी आहे, पण त्याने गर्भाला धोका पोचेल एवढ्या एका खुलाशावर ती वाट बंद केली जाते. नेस्टा रागाच्या भरात बहिणीला सत्य सांगते, तर रिसँडच्या क्रोधापासून दूर नेण्यासाठी कॅसियन तिला डोंगरांत नेतो आणि थकून कोसळेपर्यंत चालवतो. सत्य लपवणाऱ्याला मात्र काही भोगावे लागत नाही. फेयरा त्याला क्षमा करते, बाळंतपणाच्या वेळी नेस्टा आपली शक्ती देऊन दोघांना व बाळाला वाचवते, आणि प्रकरण मिटते.

टॅमलिनचा गुन्हा काय होता? 'तुझ्याच भल्यासाठी' म्हणून प्रेयसीच्या जिवाचे निर्णय आपण घेणे. त्याच गुन्ह्यासाठी एक पूर्ण पुस्तक खर्ची घालून ज्या नायकाला त्याच्या जागी आणले, तो तेच करतो आणि कथानक मान वळवते. प्रेमातल्या कोंडमाऱ्यातून बाहेर पडणारी स्त्री असंख्य तरुण वाचकांना या मालिकेत सापडली. ती त्यांच्या खऱ्या उपयोगाची होती. दुसऱ्या पुस्तकातल्या फेयराला स्वतःच्या शरीराची ही बातमी सर्वांत शेवटी, तीही भांडणात, कळली असती तर ती काय म्हणाली असती, हे दृश्य लिहायला कोणतेही आरमार लागत नव्हते, जादूही लागत नव्हती. ते लिहिले असते तर रिसँड आवडता नायक राहिला असता की नाही, हे मला सांगता येत नाही. बहुधा म्हणूनच ते लिहिले गेले नाही.