दुखत नाही, म्हणून विसरू नये

महाधमनी ही हृदयातून निघणारी शरीरातील सर्वांत मोठी रक्तवाहिनी. छातीत तिची रुंदी साधारण ३ ते ३.५ सेंटिमीटर असते. काही जणांत हृदयालगतचा तिचा भाग हळूहळू फुगत जातो. दुखत नाही, धापही लागत नाही. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या इको किंवा सीटी स्कॅनमध्ये हा फुगा योगायोगाने सापडतो.

मग कुणी घाबरून लगेच ऑपरेशनचा धोशा लावतो, तर कुणी ‘त्रास नाही ना, मग झालं’ म्हणत रिपोर्ट कपाटात टाकतो. पुसेगावसारख्या गावात दुसऱ्या चुकीची भीती अधिक. तपासणीसाठी हिंगोली किंवा नांदेड गाठायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते.

फुगा ५.५ सेंटिमीटरला पोहोचला की सहसा शस्त्रक्रिया सुचवतात. मार्फानसारखा आनुवंशिक आजार असेल किंवा वाढ वेगाने होत असेल तर त्याआधीच. तोवर डॉक्टरांनी ठरवलेल्या अंतराने मोजमाप करणे आणि जुना रिपोर्ट नव्याशी ताडून पाहणे, हाच उपचाराचा कणा. रक्तदाब १३०/८० च्या आत ठेवावा, विडी-सिगारेट-तंबाखू बंद करावी. हळदीचे किंवा सोयाबीनचे पोते श्वास रोखून उचलू नये; त्या क्षणी रक्तदाब उसळतो. चालणे, हलकी कामे बहुतेकांना चालतात. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गटातील गोळ्यांबाबत अमेरिकेच्या औषध नियामकाने डिसेंबर २०१८ मध्ये अशा रुग्णांना इशारा दिला आहे. म्हणून मेडिकलमधून परस्पर गोळी घेऊ नये. आई-वडील, भावंडे, मुले यांच्याही तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारावे.

हे सारे एकट्या रुग्णावर सोडणे मला पटत नाही. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचा भर रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांवर आहे. पण या आजारात जीव वाचतो तो वेळेवर केलेल्या मोजमापाने. हिंगोलीत २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तिथे अशा रुग्णांची नोंदवही असावी, इकोचा दिवस ठरलेला असावा आणि पुढची तारीख आशाताईंमार्फत घरी पोहोचावी. रुग्ण मोजके असतील, त्यामुळे खर्चही मोठा नाही.

छातीत किंवा पाठीत अचानक फाटल्यासारखी कळ आली, तर मात्र गॅस समजून थांबू नये. लगेच १०८ ला फोन करावा आणि ‘महाधमनीला फुगा आहे’ हे पहिल्याच वाक्यात सांगावे.