ओहोटीतील नोंदींचे मोल

मुंबईच्या किनाऱ्यावरचे काळे खडक निर्जीव वाटतात. ओहोटीला मात्र त्यांच्या खाचांत आणि डबक्यांत प्रवाळ, स्पंज, खेकडे, कधी ऑक्टोपसही दिसतो. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या उपक्रमातील स्वयंसेवक २०१७ पासून या जीवांची छायाचित्रे ‘आयनॅचरलिस्ट’ या खुल्या संकेतस्थळावर तारीख-ठिकाणासह नोंदवत आहेत.

हा केवळ छंद नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळांचा समावेश आहे. किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांतही प्रवाळांचा भाग सर्वाधिक संवेदनशील गटात मोडतो. पण प्रवाळ तेथे आहेत याची नोंदच नसेल, तर हे संरक्षण कागदावरच राहते.

सागरी किनारा रस्त्यासाठी २०२० मध्ये वरळी आणि हाजी अली येथील प्रवाळ काढून दुसरीकडे लावण्यात आले. असे स्थलांतर प्रवाळ वाचवू शकते. पण पाणी धरून ठेवणारी खडकातली खाच आणि तिच्या आधाराने जगणारे इतर जीव जागीच राहतात. भराव पडला की तो अधिवास संपतो.

म्हणूनच नोंदी कामाआधी हव्यात. थोड्या दिवसांच्या पाहणीत सगळे जीव सापडत नाहीत, कारण ते ऋतूनुसार दिसतात. वर्षानुवर्षांच्या नागरी नोंदी ही उणीव भरून काढतात. हा रस्ता आता वर्सोव्याच्या उत्तरेला न्यायचा आहे. तेथील पर्यावरणीय अहवालात या नोंदी तपासणे बंधनकारक करायला हवे.