खरेदीखतामागचं नातं

दापुरा हे आमच्या मूर्तिजापूर तालुक्यातलं गाव. गाडगेबाबांचं आजोळ. 1876 साली शेंडगावात जन्मलेल्या देबूजीचा, म्हणजेच पुढच्या गाडगेबाबांचा, बाप झिंगराजी दारूपायी अकाली गेला आणि आई सखुबाई लेकराला घेऊन दापुऱ्याला आपल्या बापाच्या, हंबीररावांच्या आसऱ्याला आली. मामा चंद्रभानजींची गुरं राखता राखता देबूजी नांगरावर आला, वावरात रमला. मामाला अक्षर येत नव्हतं. सावकारावर भरवसा टाकून त्यानं कागदावर अंगठा दिला आणि वावर गेलं. पुढं सावकाराची माणसं ताबा घ्यायला आली, तेव्हा देबूजीनं त्यांना वावरातच अडवलं. ही हकीकत बाबांच्या चरित्रांत येते आणि आपल्याकडच्या शाळांमध्ये धाडसाची गोष्ट म्हणून सांगितली जाते.

मला त्या गोष्टीतला कागद जास्त बोलका वाटतो. अशा कागदात दोन माणसं असतात, एक लिहून देणारा आणि एक लिहून घेणारा. दोघं राजीखुशीनं समोरासमोर उभे आहेत, असं त्यावर लिहिलेलं असतं. बांधावर मात्र सगळ्या गावाला ठाऊक असतं की यातल्या एकाच्या घरात पेरणीला दाणा नव्हता आणि दुसऱ्याच्या पेटीत पैसा होता. लिहून देणाऱ्याची वेगळी चौकशी करा, लिहून घेणाऱ्याची वेगळी करा, दोघांचं वय, जात, जमीन, उत्पन्न सगळं मोजा. तरी वावर कसं गेलं ते कळणार नाही. ते दोघांच्या मधल्या व्यवहारात आहे.

समाजशास्त्रातला एक मोठा विचारप्रवाह हेच सांगतो. माणसं आणि गट आधी तयार होतात आणि मग एकमेकांशी संबंध जोडतात, असं धरून चालू नका. संबंधांतूनच माणूस जे काही आहे ते बनतो, म्हणून आधी संबंध पाहा. मुस्तफा एमिरबायर या अभ्यासकानं 1997 साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ सोशॉलॉजी’त याचा जाहीरनामाच मांडला. पण या विचाराला आपल्या मातीतला पूर्वज आहे आणि त्याचं नाव तिकडच्या याद्यांत सहसा नसतं, याची मला खंत वाटते. 9 मे 1916 रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. त्यात त्यांनी दाखवलं की एकटी जात असूच शकत नाही. जाती असतात त्या अनेकवचनातच. एकानं आपलं दार आतून लावून घेतलं की बाहेरचे आपोआप वेगळे पडतात, आणि मग तेही आपापली दारं लावून घेतात. हे दार म्हणजे जातीतल्या जातीतच लग्न करण्याचा नियम. परीट कसा असतो, तेली कसा असतो, अशी गुणांची यादी करत बसणाऱ्या त्या काळच्या साहेबी अभ्यासकांपुढं हा तरुण सांगत होता की गुण बाजूला ठेवा, कोणाची सोयरीक कोणाशी होत नाही ते बघा.

तोवर इकडं, 1 फेब्रुवारी 1905 ला घर सोडलेला परटाचा देबूजी हातात खराटा घेऊन गावं झाडत फिरू लागला होता. त्याआधी, मुलीच्या बारशाला मटण आणि दारू घालायची जातीची रीत त्यानं मोडली आणि गोडाचं जेवण दिलं. भावकीतून बोलणी खावी लागणार हे माहीत असताना. भावकीत कोण आत आणि कोण बाहेर हे अशा पंगतीतच ठरत असतं, म्हणून मला ते लहानसं बारसं फार मोठं वाटतं.

खराट्याचंही तेच. आपण बाबांना स्वच्छतेचा संत करून टाकलं, त्यांच्या नावानं अभियानं चालवली, आणि सोपा अर्थ घेऊन मोकळे झालो. गावात कचरा होता म्हणून बाबा झाडत होते, एवढंच असतं तर त्यातून फक्त रस्ता साफ झाला असता. कोणी कोणाच्या दारापुढचं झाडायचं, हे गावगाड्यात जन्मानं ठरलेलं होतं. बाबा भल्या पहाटे पाटलाची गल्लीही झाडत आणि महारवाडाही. भाकरी मिळाली तर ती काम करून घेत. संध्याकाळी त्याच गावात कीर्तनाला उभे राहिले की समोरच्यांना प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढत. सकाळी ज्याच्या हातात खराटा पाहिला, त्याच्याच प्रश्नाला रात्री पाटलालाही उत्तर द्यावं लागे. पायाला हात लावू देत नसत, कोणाला शिष्य म्हणवून घेऊ देत नसत. गुरू-शिष्य, दाता-याचक, झाडणारा-चालणारा या जोड्यांमधली एक बाजू ते सतत मोडत राहिले, आणि एक बाजू मोडली की दुसरी उभी राहत नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडं सोपवली. 1956 च्या डिसेंबरात दोघं दोन आठवड्यांच्या अंतरानं गेले, बाबासाहेब 6 तारखेला आणि बाबा 20 तारखेला, अमरावतीजवळ वलगावला.

आता सावकाराकडं परत येतो. 2014 साली महाराष्ट्रात सावकारी नियमनाचा नवा कायदा आला. त्यातलं 18 वं कलम मला समाजशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकाइतकं मोलाचं वाटतं. सावकाराच्या ताब्यात गेल्या पंधरा वर्षांत आलेली जमीन, मग ती खरेदीखतानं आलेली असली तरी, खरं तर कर्जाला तारण होती का, याची चौकशी जिल्हा उपनिबंधक करू शकतात. तसं आढळलं तर ते खत रद्द ठरवून जमीन शेतकऱ्याला परत देण्याचा आदेश देतात. म्हणजे कायद्यानंच अधिकाऱ्याला सांगितलं की कागदाच्या मथळ्यावर ‘खरेदी’ लिहिलंय म्हणून थांबू नको, या दोन माणसांमध्ये आधीपासून काय चालू होतं ते बघ. चंद्रभानजींच्या काळी हे कलम नव्हतं.

पण हीच नजर सरकार दुसऱ्या ठिकाणी हरवून बसतं, आणि तिथं जीव गेलेला असतो. शेतकरी आत्महत्येच्या प्रकरणात घरच्यांना 1 लाख रुपयांची मदत द्यायची की नाही, हे ठरवताना ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ असे दोन शिक्के आहेत. मृताच्या किंवा कुटुंबाच्या नावावर शेती हवी, नापिकी हवी, कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं, वसुलीचा तगादा हवा. जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल यानं 1908 सालीच लिहून ठेवलंय की समाजाच्या लेखी गरीब कोण हे त्याच्या घरातल्या चणचणीवरून ठरत नाही. मदत देणारे ज्याला मदतीला पात्र मानतात, तो गरीब ठरतो. आमच्या तहसीलच्या फायली पाहिल्या की झिमेल वऱ्हाडात येऊन गेला होता की काय असं वाटतं.

कारण वऱ्हाडातलं खरं कर्ज कुठं असतं ते बघा. मृग लागला की कृषी केंद्रांत गर्दी होते. काउंटरवर कपाशीच्या बियाण्याच्या बॅगा, बाहेर मालवाहू ऑटोत चढणारी खताची पोती. माणूस खिशात हात घालत नाही, हळूच म्हणतो, “भाऊ, लिहून ठेवा. सोयाबीन निंगालं का चुकता करतो.” दुकानदार रजिस्टर ओढतो, रोखीपेक्षा चढा भाव मांडतो आणि मान वर न करता म्हणतो, “माल मात्र इकडंच आनजा, दादा.” ही उधारी कुठल्या बँकेत दिसत नाही, सावकारीच्या परवान्यातही दिसत नाही. पण त्या एका वाक्यात बियाण्याचा भाव, व्याज आणि दिवाळीच्या तोंडावर मालाला मिळणारा भाव, तिन्ही एका हातात गेलेले असतात. जनगणनेत हे दोघं दोन वेगळ्या रकान्यांत बसतात.

त्यात वावर मक्त्यानं किंवा बटईनं केलेलं असेल तर आणखी कठीण. मक्त्याचे पैसे आधी मोजलेले, पेरणी याची, फवारणी याची, पण सातबारा मालकाचा. पाऊस दगा देऊन गेला की नुकसान कसणाऱ्याचं होतं, अनुदान मात्र खातेदाराच्या नावावर येतं. आणि उद्या या माणसानं विषाची बाटली जवळ केली, तर त्याच्या बायकोला कार्यालयात सांगितलं जातं की तुमचा माणूस शेतकरीच नव्हता. आयुष्यभर ज्यानं दुसरं काही केलं नाही तो माणूस शेतकरी नव्हता! ज्या नात्यांनी त्याला मारलं, नेमकी तीच नाती तक्त्यात बसत नाहीत म्हणून तो अपात्र.

शासन अन्याय करायला बसलंय असं मी म्हणत नाही. तक्ता भरणारा तलाठी आपल्यातलाच असतो आणि अनेकदा तोही हळहळतो. पण तक्ता माणसाला एकटं उभं करून त्याची मोजणी करतो. दुरुस्ती मोठी नाही. पंचनाम्यात दोन रकाने वाढवा: मृत माणूस कोणाचं वावर कसत होता, आणि त्याची उधारी कोणाकोणाकडं होती. जबाब शेजारच्या बांधावरच्यांचेही घ्या. सावकारी कायद्याच्या चौकशीत खरेदीखताच्या मागं जायची मुभा आहे, तशीच मुभा इथं सातबाऱ्याच्या मागं जायला द्या. गावच्या पोलीस पाटलाला आणि कोतवालाला या दोन्ही प्रश्नांची उत्तरं आजही तोंडपाठ असतात.