हिणाची बाजू

साखरपुड्यात १८ कॅरटची अंगठी निघाली की 'हलके सोने आणले' अशी कुजबुज देशात कुठेही ऐकू येते. अंगठी हिऱ्याची असेल, तर ही कुजबुज भौतिकशास्त्राला धरून नाही. शुद्ध सोन्यातील अणूंचे थर एकमेकांवरून सहज घसरतात, म्हणून ते मऊ असते. तांब्याचा अणू आकाराने लहान. तो शिरला की जालक विकृत होते आणि घसरण अडते. चांदीचा अणू जवळजवळ सोन्याएवढाच असल्याने तिचा उपयोग त्यामानाने कमी. या मिसळीला मराठीत 'हीण' म्हणतात, हा शब्दाचा अन्यायच! (केवळ तांबे मिसळले, तर १८ कॅरटमध्ये निम्म्याहून किंचित अधिक अणू तांब्याचे असतात.) ९१६ शुद्धतेच्या अंगठीत हिरा धरणाऱ्या बारीक नख्या रोजच्या वापराने वाकतात, झिजतात, आणि एके दिवशी हिरा हरवतो. ७५० शुद्धतेच्या नख्या त्याला अधिक काळ सांभाळतात. बचतीसाठीच सोने हवे असेल, तर २२ कॅरटचे बिनखड्याचे वेढणे उत्तम. दोन्हींवर सहा अक्षर-अंकी एचयूआयडी असतो. तो 'बीआयएस केअर' अॅपवर दुकानातच तपासून घ्यावा.