न दिसलेल्या ग्रहाचे वजन

वैशाखात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. दुपारी बाजारपेठ ओस पडते आणि रात्री गच्चीवर पाणी शिंपडून अंथरुणे घातली जातात. अशा वेळी मध्यरात्रीच्या सुमारास दक्षिणेला वृश्चिक रास दिसते. तिच्या शेपटीजवळ, आकाशगंगेच्या मध्याच्या दिशेला, पृथ्वीपासून सुमारे २१,५०० प्रकाशवर्षांवर एक ग्रह आहे. तेथील तापमान शून्याखाली २२० अंश असावे. शास्त्रज्ञांनी त्याला ‘ओगल-२००५-बीएलजी-३९०एलबी’ असे रुक्ष नाव दिले आहे.

हा ग्रह कोणीही पाहिलेला नाही. एका दूरच्या ताऱ्यासमोरून दुसरा मंद तारा सरकला, तर पुढच्याच्या गुरुत्वाकर्षणाने मागच्याचा प्रकाश वाकतो, एकवटतो आणि तो तारा काही दिवस अधिक तेजस्वी दिसतो. २००५ च्या जुलैमध्ये असेच घडले. ३१ जुलैला तेज तिपटीवर पोहोचून ओसरू लागले. पण १० ऑगस्टला त्या उतरत्या तेजात अल्पकाळ छोटीशी वाढ झाली. चिली, न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया येथील दुर्बिणींच्या नोंदी जुळवल्या, तेव्हा उलगडा झाला की पुढच्या ताऱ्याभोवती एक ग्रहही फिरतो आहे. जानेवारी २००६ मध्ये ही वार्ता जाहीर झाली.

एवढ्याशा उजेडावरून त्याचे वजनही काढले गेले : पृथ्वीच्या साडेपाच पट. मात्र ते पावणेतीन पट असू शकेल किंवा अकरा पटही, हे संशोधकांनी त्याच कागदावर लिहून ठेवले. त्याला आपल्या ताऱ्याभोवती एक फेरी घालण्यास सुमारे दहा वर्षे लागतात.

यापुढचा प्रांत कल्पनेचा. तेथे पोहोचणारा प्रकाश आपल्या उन्हाच्या हजाराव्या हिश्श्याइतका असेल. भरदुपारी तांबूस सांज वाटेल. पृथ्वीसारखी हवा तेथे असती, तर तिच्यातील नायट्रोजन आणि प्राणवायू गोठून जमिनीवर बर्फाप्रमाणे पसरले असते. चित्र मोहक आहे, पण ते अनुमान आहे.

व्यापारी घराला हा भेद नव्याने सांगावा लागत नाही. हाती आलेली रोकड आणि येईलसे वाटणारी रक्कम एकाच रकान्यात लिहिली की वही खोटी ठरते. त्या दोन ताऱ्यांची तशी जुळणी पुन्हा होण्याची आशा जवळजवळ नाही. म्हणून त्या काही तासांच्या नोंदी हाच या ग्रहाचा मुख्य आधार, आणि शंकेचीही नोंद ठेवली गेली म्हणूनच तो विश्वासार्ह.

शहरांच्या झगमगाटात आकाशगंगा हरवली आहे. गडचिरोलीच्या रानात, भामरागडच्या बाजूला, निरभ्र अमावास्येस ती अजून स्पष्ट दिसते. सुट्टीत नातवंडांना ती दिशा अवश्य दाखवावी. ग्रह दिसणार नाही. त्याच्याविषयी मोजलेले किती आणि मानलेले किती, हे मात्र सांगता येईल.