न सुटणारी लाइन

आज इंटरनेट चोवीस तास हाताशी असते; ते काम झाल्यावर बंद करावे लागे, हे नव्या पिढीला सांगूनही पटत नाही. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने ही सेवा भारतात सर्वसामान्यांसाठी खुली केली, तेव्हा ती घरच्या टेलिफोनच्याच तारेवरून येई. मोडेम नंबर फिरवी, किंचाळे, आणि मग इंटरनेट चालू असेतो घरचा फोन अडलेला. मीटर मात्र धावत असे.

सन २०००च्या पावसाळ्यातील गोष्ट. आमच्या इंदूरच्या घरी एका संध्याकाळी इंटरनेट चालू असतानाच संगणक गोठला. आम्ही बटण दाबून तो बंद केला व जेवावयास बसलो. अर्ध्या तासाने शेजारच्या वहिनी धावत आल्या. "भाऊ, तुमचा फोन केव्हाचा एंगेज लागतोय. पुण्याहून आमच्याकडे निरोप आलाय. तुमच्या ताईंना दवाखान्यात नेलंय." रिसीव्हर उचलला, तर टोनऐवजी नुसती खरखर! त्या रात्रीची पुण्याची बस तोवर सुटली होती.

दोष आमच्या अज्ञानाचा. बाहेर ठेवलेल्या मोडेमला वीज स्वतंत्र अ‍ॅडॅप्टरमधून मिळते. संगणक निजला तरी तो जागाच. संगणकाचा 'तयार आहे' हा संकेत थांबताच मोडेमने फोन ठेवावा, अशी योजना असते. आमच्या मोडेमला मात्र त्या संकेताकडे दुर्लक्ष करण्याची आज्ञा दिलेली होती. पुढे आमच्या भाच्याने ती बदलून 'एटी अँड डी २' केली. शिवाय एक नियम घालून दिला : पडद्याच्या कोपऱ्यातील दोन चिमुकल्या संगणकांची खूण गेली, एवढ्यावर विसंबू नये. मोडेमवरील 'ओएच' दिवा विझला का, ते पाहावे. न विझल्यास मोडेमची वीज बंद करावी किंवा टेलिफोनची तार उपसावी. आणि अखेर रिसीव्हर उचलून टोन ऐकावा.

दुसऱ्या दिवशी रात्री उशिरा आम्ही पुण्यास पोहोचलो. ताईने ओळखले. "फोन का लागत नव्हता रे तुझा?" एवढेच ती म्हणाली. आम्हांस उत्तर सुचले नाही.

आज घरात मोडेम नाही, ती तारही नाही. तरी निजण्यापूर्वी फोन लागतो ना, हे पाहण्याची सवय मात्र आमची सुटलेली नाही.